मंडळ्यांचे ऐक्य जमाखर्चात उतरले पाहिजे

बहुतेक देशांत १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा म्हणून पाळला जातो. निरनिराळ्या पंथांचे पाळक, फादर आणि बिशप एका व्यासपीठावर बसतात. योहानाच्या शुभवर्तमानातला सतरावा अध्याय वाचला जातो आणि ‘सर्वांनी एक व्हावे’ ही प्रभूची विनंती सगळे मिळून पुन्हा उच्चारतात. हा आठवडा पाळलाच पाहिजे. प्रश्न वर्षाच्या उरलेल्या आठवड्यांचा आहे. एकाच वस्तीत चार मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या पंथांची स्थानिक चर्च, सेवाकार्य करत असतात. त्यांतल्या दोन त्याच त्या मुलांना वह्या वाटतात. तिसरी वर्षातून एकदा आरोग्य शिबिर घेते, पण शिबिरात रक्तदाब आढळलेल्या माणसाला पुढच्या महिन्यापासून गोळ्या कुठून मिळणार, हे कुणी पाहत नाही. चौथीचा हॉल सोमवार ते शनिवार कुलपात असतो. चौघींचा हेतू चांगला आहे, चौघी खर्चही करतात, आणि वस्ती पाच वर्षांनी बहुतांशी होती तिथेच असते.

आमचे म्हणणे असे की, समाजविकासासाठी मंडळ्यांनी एकत्र यायचे असेल तर पैसा, माणसे आणि निर्णयाचा अधिकार या तिन्हींतला काही भाग खरोखर सामाईक करावा लागेल. एकमेकांच्या कार्यक्रमांना हजर राहणे किंवा एका फलकावर पाच बोधचिन्हे छापणे म्हणजे सहकार्य नव्हे. आणि असे सहकार्य मोडते तेव्हा कारण बहुधा धर्मशास्त्रात सापडत नाही, कारभारात सापडते.

नव्या करारातच याचा ठळक दाखला आहे. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने मासेदोनिया, अखया आणि गलतिया इथल्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. आज ज्याला आंतरमंडळी प्रकल्प म्हणू तो हाच. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो सांगतो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे आणि रक्कम पोहोचवायला तुम्हीच पसंत केलेली माणसे पाठवावीत. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला आणखी एक बंधू पाठवतो आणि कारणही देतो: एवढ्या मोठ्या देणगीच्या कारभारात आपल्यावर कुणी बोट ठेवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा. नियमित वर्गणी, देणाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी आणि पैशाजवळ कधीही एकटा माणूस नाही, अशी ही पद्धत होती. प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक भाषक विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी समजुतीचे प्रवचन देऊन विषय मिटवला नाही. सात माणसे नेमली आणि वाटपाची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ती बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच गटातली होती, हेही लक्षात घ्यावे.

आधुनिक काळात एकत्र काम करण्याचा विचार जोर धरू लागला तो १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेपासून. त्याआधीपासूनच अनेक देशांत मिशन संस्थांनी प्रदेश वाटून घेतले होते: हा जिल्हा आमचा, तो तुमचा. यामुळे एकाच गावात दोन मिशनांच्या दोन शाळा उभ्या राहण्याची उधळपट्टी टळली, हे खरे. पण ती वाटणी होती, भागीदारी नव्हती. माणूस कोणत्या पंथाचा होणार हे तो कोणत्या जिल्ह्यात जन्मला यावर ठरले आणि दोन प्रदेशांच्या सीमेवरची गावे दोघांच्याही नजरेतून सुटली. आजच्या अनेक ‘समन्वय समित्या’ हेच करतात. तुम्ही शिक्षण पाहा, आम्ही आरोग्य पाहतो, असे ठरते आणि बैठक संपते. घरात मात्र शिक्षण, आरोग्य आणि कर्ज एकमेकांत गुंतलेले असते. आई आजारी पडली की मोठी मुलगी शाळा सोडते, औषधासाठी सावकाराकडून पैसे येतात. कामांची अशी फाळणी करून त्या घराला हात लागत नाही.

१९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे झालेल्या ‘विश्वास आणि व्यवस्था’ परिषदेने मंडळ्यांपुढे एक प्रश्न ठेवला. श्रद्धेतील खोल मतभेदांमुळे ज्या बाबी वेगळ्याच कराव्या लागतात तेवढ्या सोडून बाकी सर्व बाबतींत आपण एकत्र कृती करू नये का? या प्रश्नाने बाजू पालटली. एकत्र का यायचे याचे उत्तर देण्याची गरज उरली नाही, वेगळे का राहायचे याचे उत्तर देणे आले. १९६४ मध्ये कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यविषयक आदेशपत्र काढले आणि त्यात भूक, निरक्षरता, गरिबी आणि घरांची टंचाई या प्रश्नांवर इतर ख्रिस्ती जनांबरोबर काम करण्याचे आवाहन कॅथोलिकांना केले. म्हणजे वरच्या पातळीवरची परवानगी साठ वर्षांपूर्वीच मिळालेली आहे. स्थानिक मंडळीने ‘वरून सांगितले नाही’ असे म्हणण्याचे दिवस गेले.

खरे सामाईक काम कसे दिसते, याचे एक उदाहरण केनियात आहे. तिथली मिशन रुग्णालये आणि दवाखाने पूर्वी आपापली औषधे आपापल्या परीने मिळवत. छोट्या दवाखान्याला भाव करता येत नाही, दर्जा तपासता येत नाही आणि देणगीत आलेली औषधे कित्येकदा निरुपयोगी निघतात. १९८६ मध्ये कॅथोलिक बिशपांची परिषद आणि प्रोटेस्टंट आरोग्य संघटना यांनी मिळून ‘मेड्स’ ही औषध पुरवठा संस्था काढली. खरेदी एकत्र, कोठार एक आणि दर्जा तपासायला स्वतःची प्रयोगशाळा. दोन्ही बाजूंनी आपला धर्मविचार तसूभरही बदलला नाही, पण औषध खरेदीचा अधिकार मात्र सामाईक संस्थेकडे दिला. इथे हातचे काहीतरी सोडावे लागले, आणि ते सोडले म्हणून काम उभे राहिले.

जामखेडची गोष्टही याच वळणाची. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगन येथे ख्रिस्ती वैद्यकीय कामाचा फेरविचार करणारी बैठक झाली आणि १९६८ मध्ये जागतिक चर्च परिषदेने ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला. मिशन रुग्णालयांचा जवळजवळ सगळा पैसा आणि मनुष्यबळ रुग्णालयाच्या भिंतींच्या आत, उपचारांवर खर्च होत होते. टाळता येण्याजोगे आजार गावातून येतच राहत होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प हा या नव्या विचाराचा सर्वांत बोलका नमुना ठरला. गावातल्याच बायका, त्यांतल्या अनेक निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. आयोगाने हा अनुभव जगभर पोहोचवला आणि प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या अल्मा-आटा घोषणेमागच्या विचारांत त्याचा वाटा होता. गावकऱ्यांच्या हाती निर्णय दिले गेले आणि लाभ घेणाऱ्याचा धर्म विचारला गेला नाही. या दोन गोष्टी वगळल्या तर जामखेडचे काही उरत नाही.

इथे मदतकार्य आणि विकासकार्य यांत फरक करायला हवा. संकटात मंडळ्या झटकन एक होतात. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राच्या युद्धात कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट संस्थांनी मिळून १९६८ ते १९७० या काळात साओ टोमे बेटावरून रात्रीची विमाने उडवली. पाच हजारांवर फेऱ्यांतून सुमारे ६० हजार टन मदत उली येथील धावपट्टीवर उतरली. या मदतीने युद्ध लांबले का, हा वाद आजही संपलेला नाही, पण एकत्र येण्याची क्षमता किती प्रचंड आहे हे तिने दाखवले. पूर ओसरला की ही एकी ओसरते, कारण मदतीला लागतात ती माणसे तीन आठवड्यांची आणि विकासाला लागतात ती पाच वर्षांची. पाच वर्षे टिकायला उत्साह पुरत नाही, तिथे लेखी करार लागतो.

सुरुवात समितीपासून करू नये, घरांपासून करावी. दोन वेगळ्या मंडळ्यांचे एकेक स्वयंसेवक अशी जोडी करून १०० ते १५० घरी जावे. एका जोडीला १५ घरे पुरेत. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारू नये, कारण विचारणारा काय देऊ शकतो याचा अंदाज घेऊन लोक उत्तर देतात. गेल्या महिन्यात अचानक कशावर खर्च झाला, पैसे कुठून आणले, घरातले कोण शाळेत जायचे थांबले, रात्री अडचण आली तर कुणाला हाक मारता, असे घडून गेलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारावेत. त्याच आठवड्यात मंडळ्यांनी आपल्याकडे काय पडून आहे याची यादी करावी: रिकामे हॉल आणि त्यांचे रिकामे तास, गाडी, स्वयंपाकघर, निवृत्त परिचारिका, हिशेबनीस, वकील, वीजतंत्री. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून एकच प्रश्न निवडावा. तो एकट्या मंडळीला न झेपणारा असावा, दुसरे कुणी नीट हाताळत नसलेला असावा आणि १२ ते १८ महिन्यांत काही फरक दिसेल असा असावा. सुरुवातीलाच तीन प्रश्न हाती घेतले की तीन मंडळ्या एकेक प्रश्न उचलून पुन्हा वेगळ्या होतात.

यानंतर येतो पैसा. सभासदसंख्येवर वर्गणी ठरवली की संख्येवरूनच वाद सुरू होतो. नोंदवहीत किती आणि रविवारी येतात किती, यांत फार अंतर असते. त्यापेक्षा मागील तीन वर्षांच्या तपासलेल्या हिशेबांतील नियमित दानार्पणाची सरासरी घ्यावी आणि प्रत्येक मंडळीने तिचे सारखेच टक्के द्यावेत, उदाहरणार्थ दोन टक्के, २४ महिने. खास ‘सेवा रविवार’ पाळून एकदाच रक्कम देण्यावर विसंबू नये. नेहमीचा अनुभव असा की पहिले तीन-चार महिने सगळे देतात, मग एका मंडळीचे छप्पर गळते, दुसरीचे अधिवेशन येते आणि ‘या महिन्यात थांबा’ असा निरोप येतो. एकीने थांबवले की बाकीच्यांचेही हात आखडतात. म्हणून बँकेला दरमहा आपोआप रक्कम वळती करण्याची सूचना पहिल्याच दिवशी द्यावी. बँक खाते वेगळे हवे. सह्या दोन, त्याही दोन वेगळ्या मंडळ्यांच्या माणसांच्या, तिसरी सही अडीअडचणीसाठी, आणि एकाच घरातली दोन माणसे सहीवर नकोत. महिनाअखेर खातेवही आणि बँकेचे विवरण जुळवण्याचे काम सही न करणाऱ्या माणसाकडे असावे. दर तिमाहीचा हिशेब सर्व मंडळ्यांत एकाच रविवारी वाचून दाखवावा, म्हणजे एका मंडळीत एक आकडा आणि दुसरीत दुसरा, अशी कुजबुज उठत नाही. कर्मचाऱ्याच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम शिल्लक ठेवल्याशिवाय नेमणूक करू नये.

मताचा प्रश्न अधिक नाजूक आहे. टक्के सारखे असले तरी मोठ्या मंडळीची रक्कम मोठीच असते आणि तिच्या वडीलमंडळाला वाटते की निर्णयही आपलाच चालावा. लहान मंडळ्यांना तेव्हा आपण फक्त संख्या भरायला आहोत असे वाटू लागते, आणि त्या भांडत नाहीत, येणे बंद करतात. बैठकीतली गैरहजेरी ही बहुतेक वेळा अशी न बोललेली तक्रार असते. धोरणाच्या बाबतीत एका मंडळीला एक मत हा नियम सुरुवातीलाच मोठ्या मंडळीकडून लेखी मान्य करून घ्यावा. मोठा खर्च करायला तीन-चतुर्थांश मतांची अट घालावी, म्हणजे तिचा पैसा तिच्या मनाविरुद्ध उधळला जाईल ही भीतीही राहत नाही. शिवाय एकूण जागांपैकी किमान एक-तृतीयांश जागा त्या वस्तीतल्या रहिवाशांना द्याव्यात, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. यावर काहींचा आक्षेप असतो की मग ते काम ख्रिस्ती कसे राहील. ज्या माणसाचे आयुष्य बदलायचे त्याला बाहेर बसवून घेतलेला निर्णय ख्रिस्ती ठरतो, हे आम्हाला पटत नाही.

दोन-तीन पानी करारात आणखी काही गोष्टी हव्यातच. त्यावर सही पाळकांची नको, मंडळीच्या कार्यकारिणीची हवी, कारण अनेक पंथांत पाळकांची दर काही वर्षांनी बदली होते आणि नवे पाळक ‘हे माझ्या आधीचे’ म्हणून मोकळे होतात. प्रत्येक मंडळीचे दोन प्रतिनिधी असावेत, त्यांतला एक तरी बिगर पाळक, आणि दोघांची मुदत एकाच वर्षी संपू नये. पगारी समन्वयकाचा कायदेशीर मालक एकच असतो, म्हणून तो कोण हे नाव घालून लिहावे आणि देखरेख मात्र तीन मंडळ्यांच्या तिघांकडे द्यावी. नाहीतर चार पाळक चार सूचना देतात आणि तो माणूस वर्षभरात निघून जातो. मुलांबरोबर काम असेल तर एकच आचारसंहिता सर्वांना लागू हवी: एका खोलीत किमान दोन प्रौढ, प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी, तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव भिंतीवर. एका मंडळीने दूर केलेला माणूस दुसऱ्या मंडळीतून स्वयंसेवक म्हणून परत येतो, ही भीती काल्पनिक नाही. आणि बाहेर पडण्याची वाट: तीन महिन्यांची सूचना, दिलेल्या वस्तूंपैकी काय परत जाणार, काय कामाकडे राहणार. ही वाट लिहिलेली असली की आत यायला लोक घाबरत नाहीत.

इमारत मात्र बांधू नये. किमान पहिली पाच वर्षे नाही. संयुक्त नावावरची जमीन हे दोन मंडळ्यांना कोर्टात नेण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे. आहेत ते हॉल लेखी अटींवर वापरावेत: कोणते तास, विजेचे बिल कुणाचे, झाडलोट कुणाची, मोडतोड कोण भरून देणार. इंग्लंडमध्ये चर्चच्या इमारती एकाहून अधिक पंथांनी वापरण्यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला, यावरून हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते कळते.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात काही ठिकाणी चालणारा फिरता रात्रनिवारा पाहिला की हे सगळे तपशील जिवंत होतात. सात मंडळ्या, आठवड्याच्या सात रात्री. रस्त्यावर झोपणाऱ्या दहा-पंधरा जणांना सोमवारी एका चर्चच्या हॉलमध्ये जेवण आणि बिछाना, मंगळवारी दुसऱ्या. कल्पना साधी आहे, पण एका रात्रीला संध्याकाळची, रात्रभराची आणि सकाळची अशा तीन पाळ्या लागतात, मिळून दहा-बारा माणसे. तीच माणसे दर आठवड्याला बोलावली तर दोन महिन्यांत थकतात, म्हणून एका मंडळीकडे ३०-४० नावे हवीत. लहान मंडळीकडे एवढी नसतात. तिथे दोन मंडळ्यांनी मिळून एक रात्र घ्यावी लागते. नोंदणी एकाच ठिकाणी होते, प्रत्येक चर्चच्या दाराशी नाही. नाहीतर सोमवारी नाकारलेला माणूस बुधवारी आत आणि इतरांना तो अन्याय वाटतो. दारू पिऊन आलेल्याला आत घ्यायचे का, यावर सात मंडळ्यांचे सात नियम असले की पाहुणे गोंधळतात आणि स्वयंसेवक भांडतात. सकाळच्या पाळीने पुढच्या मंडळीसाठी वहीत लिहायचे असते: कुणाला खोकला आहे, कुणाची औषधे कुठे राहिली, रात्री कुणाचे भांडण झाले. ही वही लिहिली गेली नाही तर दुसऱ्या रात्री सगळे नव्याने सुरू होते. आणि एका मंडळीने हंगामाच्या मध्यात माघार घेतली तर आठवड्याची एक रात्र उघड्यावर पडते. जोडलेले असणे म्हणजे काय, हे त्या एका रिकाम्या रात्री सर्वांना कळते.

आता सर्वांत कठीण मुद्दा. मदतीबरोबर धर्मप्रचार करावा का? आमचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची आचारसंहिता सांगते की मदत विशिष्ट राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी वापरली जाणार नाही. ही संहिता तयार करणाऱ्यांत जागतिक चर्च परिषद, कारितास ही कॅथोलिक मदतसंस्था आणि लुथरन जागतिक महासंघ होते. तेव्हा हा नियम बाहेरून लादलेला नाही, तो आपल्याच लोकांनी लिहिला. करारात तो शब्दशः यावा: शिकवणीच्या वर्गात, दवाखान्यात, वाटपाच्या रांगेत प्रार्थनेची सक्ती नाही, पत्रके नाहीत, नावनोंदणीत धर्माचा रकाना नाही. कुणी आपण हे का करता असे विचारले तर कार्यकर्त्याने आपली श्रद्धा मोकळेपणाने सांगावी. विचारल्यावर सांगणे आणि भुकेल्याला गाठून सांगणे यांतला फरक भुकेल्याला नेमका कळतो. आंतरमंडळी कामात तर याला आणखी एक कारण आहे. एका मंडळीने गुपचूप आपली सभासदसंख्या वाढवायला सुरुवात केली की दुसऱ्यांचा विश्वास त्याच दिवशी उडतो.

काही मंडळ्या दुसऱ्या पंथाबरोबर प्रार्थनाही करू शकत नाहीत, प्रभुभोजन तर दूरच. त्यांनी करू नये. बैठक मौनाने सुरू करावी, ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी प्रार्थना करून यावे. बाप्तिस्मा, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा किंवा पोपचा अधिकार यांवर सहमती होण्याची वाट पाहत नळजोडणीचा अर्ज अडकवून ठेवण्याचे काही कारण नाही.

म्हणून पहिल्या बैठकीला फक्त पाळकांना बोलावू नये. प्रत्येक मंडळीने आपला खजिनदार, मागील तीन वर्षांचा तपासलेला हिशेब आणि हॉलच्या वापराचे साप्ताहिक वेळापत्रक घेऊन यावे. दीड तासात तीनच गोष्टी ठरवाव्यात: घरोघरी जाणाऱ्या जोड्यांची नावे, त्यांनी परत येऊन सांगण्याची तारीख आणि दोन टक्क्यांचा ठराव कोणती मंडळी कोणत्या महिन्यात आपल्या वार्षिक सभेपुढे ठेवणार ते.